मिनिटाला बावन्न

१

दर मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला भाऊसोची मालमोटार उंब्रजला नाथाजीच्या मोटार-दुरुस्तीच्या छपरासमोर येऊन उभी राहायची. सहा महिने हा नेम चुकला नव्हता. भाऊसो खाली उतरायचा, रेडिएटरमध्ये पाण्याच्या दोन बादल्या ओतायचा, समोरच्या आकारामच्या हॉटेलातून दोन कप चहा यायचा. चहा झाला की पेठेत जाऊन शेंगांची पोती आणि गुळाच्या ढेपा भरायच्या आणि कऱ्हाड, ताकारी, कुंडल करत सांगली गाठायची. मधे कुंडलला त्याचं घर होतं. घरात विजयमाला, नाथाजीची धाकटी बहीण.

लढाई संपून दीड वर्ष झालं होतं. नाथाजी लष्करातून हवालदार होऊन परतला होता. मोटारी दुरुस्त करणाऱ्या तुकडीत त्यानं सहा वर्षं काढली होती. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग गेलंय ते तो खोलायच्या आधी सांगायचा. मेव्हण्याची ही गाडी लष्कराच्या लिलावातली. रांगेत उभ्या शंभर गाड्यांतून नाथाजीनंच ती निवडून दिली होती. इंजिन ठणठणीत होतं, टायर बरे होते. युद्धात ती कुठं कुठं हिंडली, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं आणि तशी गरजही वाटली नव्हती.

माघातल्या एका मंगळवारी भाऊसोनं चहाला हात लावला नाही.

"पाव्हणं, खालनं कायतरी वाजतंय," तो म्हणाला. "मधल्या दांड्याच्या अंगानं."

मधला दांडा म्हणजे गिअरपासून मागच्या धुऱ्यापर्यंत जाणारा शाफ्ट. इंजिनाचा जोर तोच मागच्या चाकांना पोचवतो. नाथाजी स्वतः चाकावर बसला आणि तारळीच्या पुलापर्यंत गाडी नेऊन आणली. आवाज होता. बसायच्या जागेच्या मागं, हौद्याच्या फळ्यांखाली, डाव्या अंगाला. ठप्. मग थोडं थांबून पुन्हा ठप्.

दांड्याच्या सांध्यातला क्रॉस झिजलाय, पुढच्या खेपेला बदलून टाकू, असं त्यानं सांगितलं. भाऊसोचं समाधान झालं आणि तो गेला. नाथाजी मात्र गार झालेला चहा हातात धरून थोडा वेळ तिथंच उभा राहिला. लोखंडानं लोखंडाला मारलं की शेवटी बारीक झणकार उरतो. या आवाजाला झणकार नव्हता. भरल्या पोत्यावर मूठ मारावी तसा तो मऊ होता.

२

पुढच्या मंगळवारी त्यानं दांडा उतरवला. दोन्ही टोकांचे क्रॉस बदलले, मधलं बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं. दांडा जमिनीवर लोळवून कुठं बाक आहे का पाहिलं. तीर असावा तसा सरळ होता. सगळं जोडून दुपारी गाडी सडकेवर काढली.

ठप्. ठप्.

नाथाजी रागावला नाही. दांडा नाही तर धुरा, धुरा नाही तर चाकाचं बेअरिंग. शोधायची एक रीत असते आणि त्या रीतीनं गेलं की गाडी खोटं बोलत नाही, असा त्याचा सहा वर्षांचा अनुभव होता. आधी ठोक्याचा वेग मोजावा म्हणून त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि भाऊसोला गाडी ताशी पंधरा मैलांनी चालवायला सांगितली. मिनिटाला बावन्न ठोके पडले. मग तीस मैलांनी चालवायला सांगितली.

पुन्हा बावन्नच.

त्यानं पुन्हा मोजले. घड्याळ कानाला लावून पाहिलं. भाऊसोला क्लच दाबून गाडी उतारावर नुसती सोडायला लावली. इंजिन मंदावलं, वारा थोडा कमी झाला. खाली ठोका त्याच चालीनं पडत होता.

मोटारीत जे जे फिरतं ते चाकाशी नाहीतर इंजिनाशी बांधलेलं असतं. चाक दुपटीनं फिरलं की ठोका दुपटीनं पडलाच पाहिजे. इथं कशाशीच न बांधलेलं काहीतरी आपल्या सवडीनं वाजत होतं. मिनिटाला बावन्न ही परेडची चाल नव्हे. तिच्याहून कितीतरी सावकाश. जड वस्तू घेऊन माणूस उन्हातून चालतो, तशी ती चाल होती. हे मनात आलं तसं नाथाजीनं ते बाजूला सारलं.

"सावकाश घेतली की वाजत न्हाई," भाऊसो समोर बघत म्हणाला.

"किती सावकाश?"

"लय सावकाश. मानसाच्या चालीनं."

३

त्यानंतर भाऊसोची वेळ चुकायला लागली. आठची गाडी दहाला आली. पुढच्या मंगळवारी बाराला. उशीर का झाला म्हणून विचारलं तर म्हणायचा, वाटेत कुठं थांबलो नाही, कुठं बिघडली नाही, येतच होतो.

नाथाजीनं मागची दोन्ही चाकं लाकडी ठोकळ्यांवर उचलली, गाडी गिअरमध्ये टाकली आणि खाली आडवा होऊन तासभर ऐकलं. दांडा फिरत होता, धुरा फिरत होता, चाकं हवेत फिरत होती. ठोका एकही नाही. पेचकस लावून वीस जागा ऐकल्या. इतकी गोड चालणारी गाडी त्यानं लष्करातसुद्धा पाहिली नव्हती. मग ठोकळे काढून चाकं जमिनीला टेकवली. गाडी छपराबाहेर दहा हात गेली नाही तोच आवाज सुरू झाला. म्हणजे तो यंत्रात नव्हता. जमीन लागत होती त्याला.

त्याच आठवड्यात विजयमाला कुंडलहून आली, एकटी. निमित्त भावाला भेटायचं सांगितलं होतं, पण माजघरात वहिनी असताना ती काही बोलली नाही. नाथाजी छपराकडं निघाला तेव्हा मागोमाग आली. नवरा नीट जेवत नाही, अंगणात उभा राहिला की या पायावरून त्या पायावर भार टाकत राहतो, हे तिनं आधी सांगितलं.

"दादा, मोटर चालवून खांदा सोलतो का रं?"

नाथाजीला प्रश्न कळला नाही. तिनं आपल्या डाव्या खांद्यावर, मानेजवळ हात ठेवून दाखवलं. तिथं भाऊसोची कातडी सोलली होती आणि आता घट्टा धरायला लागला होता. हमालाला असतो तसा. ती रोज हळद आणि तेल चोळत होती. विचारलं की तो म्हणे, गाडीचं चाक जड आहे. परवापासून उजवा खांदाही तसाच लाल झाला होता.

"गाडी तूच निवडलीस न्हवं," ती म्हणाली. आवाजात दोष नव्हता. "मग तूच बघ काय हाय ते."

नाथाजीनं शब्द दिला. पुढच्या खेपेला मी स्वतः बरोबर जातो आणि आवाज डोळ्यांनी बघून येतो, असं तो म्हणाला.

४

बघायची एकच युक्ती उरली होती. हौद्याच्या तळाची एक फळी उचकटायची, पालथं पडून त्या फटीतून चालत्या गाडीचा दांडा बघायचा. लष्करात त्यानं दोनदा असं केलं होतं. अंगाला दोर बांधून घ्यायचा आणि हात बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच सांभाळायचं.

मंगळवारी गाडी दुपारी दीडला आली. भाऊसो खाली उतरला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले होते. नाथाजीनं ते पाहिलं. माल भरायचा नाही, रिकामीच न्यायची, कऱ्हाडपर्यंत सरळ सडक आहे तिथं तीसनं चालवायची आणि मी फळीवर तीन वेळा थाप मारली की थांबवायची, एवढं त्यानं मेव्हण्याला समजावून सांगितलं. भाऊसोनं मान हलवली.

गाडी सुटली. नाथाजी पालथा पडला होता, दोर कमरेला, हनुवटी फटीच्या काठावर. खाली हातभर अंतरावर दांडा गरगरत होता, त्यावरच्या ग्रीसची एक रेघ चकाकत होती. त्याखालून सडक मागं धावत होती, इतकी जोरात की खडी दिसत नव्हती, नुसता करडा पट्टा. गरम वारा आणि पेट्रोलचा वास तोंडावर येत होता. सगळं ओळखीचं होतं. त्याला एकदम हलकं वाटलं.

मग डाव्या अंगाला ठोका पडला.

नाथाजीनं मान वळवली. तिथं काही नव्हतं, चौकटीचं लोखंड आणि सावली. दुसरा ठोका, तिसरा. त्यानं पुन्हा दांड्याकडं पाहिलं, आणि दांडा फिरत नव्हता.

कानांत वारा तसाच होता. डोळ्यांच्या कडेनं सडकेची झाडं धावताना दिसत होती. इंजिन तीसच्या सुरात गात होतं. पण फटीखाली दांडा स्थिर होता, आणि त्याखालची जमीन पाऊल-पाऊल सरकत होती. ती सडक नव्हती. तांबूस माती होती आणि तुडवलेलं वाळकं गवत. गवताची एकेक काडी मोजता येत होती.

दांड्याखाली एक खांदा होता.

उघडा खांदा, उन्हानं काळवंडलेला, मानेजवळ जाड घट्टा. दांडा त्या घट्ट्यावर बरोबर बसला होता. खांद्यामागं मानेचा कणा, त्यावर घामानं चिकटलेले केस. मोटारीच्या पोटाखाली गुडघाभर जागा असते. तिथं एक पुरा माणूस ताठ चालत होता, आणि ते कसं मावत होतं हे बघतानाही नाथाजीला कळत नव्हतं. त्याचं पाऊल पडलं की ठप् होत होतं. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, मागल्या बाजूला, तसाच एक खांदा लागायला हवा होता. तिथं कोणी नव्हतं. ती बाजू खाली लवली होती आणि तिचा भार हा एकटाच सावरत होता.

चालता चालता त्यानं त्या रिकाम्या बाजूकडं मान वळवायला सुरुवात केली. मागून येणाऱ्याला, ये, धर, म्हणावं तशी. कान दिसला. गालाची कड दिसली.

नाथाजीनं डोळे मिटले आणि फळीवर थाप मारली. तीन वेळा नव्हे, कितीतरी वेळा.

गाडी थांबली तेव्हा खाली दांडा होता, सडक होती, खडी होती. नाथाजी दोर सोडून उतरला आणि बाभळीच्या झाडाला हात टेकून उभा राहिला. भाऊसो येऊन शेजारी उभा राहिला.

"किती जण दिसलं?" भाऊसोनं विचारलं.

नाथाजीनं त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण जीभ वळली नाही.

"एक."

भाऊसोनं सडकेकडं पाहिलं. "पुढं दोघं असत्यात, मागं एकच," तो म्हणाला.

५

नाथाजीनं तिथंच, सडकेच्या कडेला, दांडा सोडवून काढला. भाऊसो कडेला बसून बघत होता. त्यानं ना मदत केली ना अडवलं. कऱ्हाडकडून येणाऱ्या एका मालमोटारीला साखळी लावून गाडी उंब्रजला ओढत आणली. वाटेत आवाज आला नाही. छपराखाली गाडी उभी केल्यावर नाथाजीनं चारी चाकांना दगड लावले, कारण हातब्रेक त्या दांड्यावरच काम करायचा आणि आता दांडाच नव्हता. दांडा भिंतीशी आडवा टाकला. रात्री भाऊसोला घरी नेलं, शेजारी झोपवलं. तो गाढ झोपला.

सकाळी भाऊसो बरा वाटत होता. दोन भाकरी खाल्ल्या, हसला. विजयमालाला निरोप धाडा म्हणाला. उन्हं वर आल्यावर दोघं छपराकडं गेले. नाथाजीनं मनाशी ठरवलं होतं की आज पेठेत ओळखीच्या व्यापाऱ्याला गाठून गाडी मोडीत काढायची. जाऊन यायला अर्धा तास. दिवसाउजेडीची वेळ, समोर आकारामचं हॉटेल उघडं, सडकेवर माणसांची ये-जा. त्यानं मेव्हण्याला इथंच बसा म्हणून सांगितलं. पुढं आयुष्यभर तो अर्धा तास त्याच्या उरावर बसून राहिला.

परत आला तेव्हा छप्पर रिकामं होतं. दांडा भिंतीशी होता तसाच होता. चाकांचे चारी दगड उचलून नीट एका बाजूला ठेवलेले होते. दाराशी भाऊसोच्या वहाणा होत्या.

आकारामनं गाडी जाताना पाहिली होती. त्यात त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"इंजन बंद हुतं," तो म्हणाला. "मला वाटलं तुमी मानसं लावून ढकलत न्हेताय."

"माणसं दिसली तुला?"

"दिसली न्हाईत. पाय वाजत हुतं की."

"आणि दाजी? ते आत होते?"

आकाराम विचारात पडला. आत कोणी नव्हतं, हे त्याला तेव्हा, सांगता सांगता ध्यानात आलं.

सडक ओलांडून एक गाडीवाट कृष्णेकडं जाते. तिथल्या धुळीत टायरांच्या दोन चाकोऱ्या उमटल्या होत्या. उतार आहे, दगड निसटले असतील, गाडी आपोआप घरंगळली असेल, असं नाथाजी स्वतःला सांगत चालू लागला. शंभर पावलांवर वाट चढणीला लागते, कमरेइतका चढ. चाकोऱ्या त्या चढावरून तशाच, न थबकता गेल्या होत्या.

आणि दोन चाकोऱ्यांच्या मधे पावलं होती. अनवाणी, टाचेकडं खोल रुतलेली. त्यानं मोजायचं नाही म्हटलं तरी त्याच्या डोळ्यांनी मोजली. चार माणसांची होती.

गाडी नदीकाठी करंजाच्या सावलीत उभी होती, तोंड पाण्याकडं. इंजिन गार. नाथाजी गुडघ्यावर बसला आणि खाली वाकून पाहिलं. पावलं गाडीच्या पोटाखाली येऊन संपली होती. तिथून पुढं नदीकडं नाही, मागं गावाकडं नाही. धूळ सपाट होती, वाऱ्यानं तिच्यावर बारीक लहरी उठवल्या होत्या.

६

चार दिवस भोयांनी डोहात जाळी टाकली. पोलीस पाटलानं जबाब लिहून घेतले. भाऊसो पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याचं काही सापडलंही नाही. विजयमाला माहेरी येऊन राहिली. तिनं कुंकू पुसलं नाही आणि तिला ते पुसायला सांगायची कोणाची छाती झाली नाही. नाथाजीनं नदीकाठी पाहिलेलं तिला सांगितलं. फटीतलं सांगितलं नाही.

गाडी त्यानं कोणाला विकली नाही. पावसाळाभर एकटा बसून ती खोलली, शेवटच्या खिळ्यापर्यंत. वाजण्यासारखं तिच्यात काहीही नव्हतं.

एक गोष्ट मात्र गावाच्या नजरेत आली. नाथाजी कोणाच्याही मयताला जायचा, लाकडं उचलायचा, नदीपर्यंत चालायचा, पण तिरडीला खांदा देत नसे. आधी लोकांनी दुर्लक्ष केलं, मग नावं ठेवली.

दोन वर्षांनी त्याचा चुलता केरबा गेला. नाथाजीच्या लहानपणीच बाप वारला होता; केरबानंच त्याला आणि विजयमालाला वाढवलं होतं. सकाळची वेळ होती. अंगणात भाऊबंद जमले होते, बायका ओसरीवर होत्या. केरबाच्या थोरल्या पोरानं मडकं धरलं. नाथाजीच्या दोन चुलतभावांनी पुढची टोकं घेतली, एका जावयानं मागचं उजवं. मागचं डावं टोक नाथाजीचं होतं. सगळे त्याच्याकडं बघत राहिले. तो जागचा हलला नाही. हात मागं बांधून भिंतीला टेकून उभा राहिला.

कोणीतरी हळू आवाजात शिवी दिली. कोणीतरी म्हणालं, चला, ऊन होतंय. आणि तिघांनी तिरडी उचलली.

पुढं लोक सांगत की ते चौथं टोक आकारामनं धरलं होतं. आकाराम त्या वेळी नाथाजीच्या शेजारी उभा होता. त्याच्या हातात गोवऱ्यांची पाटी होती.

तिरडी सपाट उचलली गेली. मागची डावी बाजू बोटभरही लवली नाही.

नाथाजीनं नजर वळवली ती ओसरीकडं. बायकांची रड चालू होती. विजयमाला एकटी रडायची थांबली होती. ती त्या डाव्या टोकाकडं बघत होती, टक लावून. मग तिनं डोईवरचा पदर सारखा करून कपाळापर्यंत पुढं ओढला, घरधनी दारात उभा राहिला की ओढतात तसा.